पडणारी विमाने, शिकवणारी विमाने

17 सप्टेंबर 1908 रोजी अमेरिकेतल्या फोर्ट मायर या लष्करी तळावर ऑर्व्हिल राइट यांचे विमान कोसळले. लष्कराला विमान विकत घ्यायचे होते, त्यासाठीची उड्डाणे चालू होती आणि लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज त्या दिवशी शेजारी बसले होते. हवेत असतानाच प्रोपेलरला तडा गेला, त्याचे पाते शेपटीचे सुकाणू ताणून धरणाऱ्या तारेवर आदळले आणि विमान नाकावर येऊन पडले. ऑर्व्हिल वाचले, सेल्फ्रिज त्याच संध्याकाळी गेले. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात जीव गमावलेला हा पहिला माणूस.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, 24 ऑक्टोबर 1908 रोजी, आपल्या कोल्हापूरकडच्या गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू गावात विष्णु माधव घाटगे यांचा जन्म झाला. भारतात आराखडा तयार होऊन भारतातच बनलेले इंजिनाचे पहिले विमान, ‘एचटी-2’, याच माणसाच्या नेतृत्वाखाली घडले. ते ना लढाऊ होते, ना मालवाहू. ते शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान होते. विमानविद्येत पहिले पाऊल टाकणाऱ्या देशाने सोपे म्हणून हे काम निवडले असेल असे वाटण्याचा संभव आहे. या विषयातले जाणकार उलट सांगतील. लढाऊ विमान चालवणारा तयार गडी असतो. विमानात एखादी खोड असली तरी तो ती सांभाळून घेतो. शिकाऊ विमानात बसणाऱ्याला मात्र काहीच येत नसते. तो वेळी-अवेळी स्टिक, म्हणजे हातातली दांडी, ओढणार, रडरवर, म्हणजे सुकाणूच्या पेडलवर, नको तेवढा पाय देणार, जमीन जवळ आली की घाबरून नाक वर करणार. ज्याने हे विमान आखायचे त्याला या सगळ्या चुका आधीच ठाऊक असाव्या लागतात, आणि त्या कळण्याचे साधन एकच: आजवर कोण, कुठे आणि कसे पडले याचा अभ्यास.

हा अभ्यास सुरू होतो तो बिनइंजिनाच्या विमानापासून, म्हणजे ग्लायडरपासून. बर्लिनचे ओटो लिलिएंथाल हे या विद्येचे मूळपुरुष. 1891 ते 1896 या काळात त्यांनी टेकड्यांवरून सुमारे 2,000 वेळा झेप घेतली. त्यांच्या ग्लायडरला सुकाणू असे नव्हतेच. काखेत चौकट धरून लोंबकळायचे आणि पाय पुढे-मागे, डावी-उजवीकडे झोकून वजन सरकवायचे. एवढ्यावर सगळा तोल. पडलो तर आधी धक्का झेलायला म्हणून त्यांनी पुढे एक लवचीक कमान बसवून पाहिली होती आणि एका अपघातात तिने त्यांना वाचवलेही. 9 ऑगस्ट 1896 रोजी श्टोल्नजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवर वाऱ्याच्या झोताने ग्लायडरचे नाक उचलले. लिलिएंथाल यांनी पाय पुढे झोकले, पण माणसाच्या अंगाचे वजन किती पुरणार? ग्लायडर क्षणभर थबकले आणि साधारण 15 मीटरवरून खाली आले. पाठीचा कणा मोडला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्या क्षणभर थबकण्याला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही. वर्तमानपत्रांत हा घोळ नेहमी होतो. चालत्या एसटीच्या खिडकीतून तळवा बाहेर काढून थोडा तिरका धरला तर हात आपसूक वर उचलला जातो. तिरकेपणा वाढवत नेला की उचल वाढते, आणि एका टोकानंतर उचल एकदम जाते व हात नुसता मागे ढकलला जातो. पंखाचेही तेच. वाऱ्याशी त्याचा कोन साधारण 15 अंशांच्या पुढे गेला की वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटते, विस्कटते आणि पंखाचा आधार संपतो. लिलिएंथाल पंखांच्या बाबतीत त्या काळातले सगळ्यात जाणते अभ्यासक होते, तरी हवा पंखाला का सोडते, हे त्यांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ते 1904 साली लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने हायडलबर्गच्या गणित परिषदेत वाचलेल्या एका छोट्या निबंधात प्रथम मांडले. पृष्ठभागाला लगटून असलेला हवेचा अगदी पातळ थर घर्षणाने मंदावतो, पुढे सरकण्याची ताकद गमावतो आणि पृष्ठभागापासून उचकटतो, हा तो विचार. विसाव्या शतकातले सगळे वायुगतिशास्त्र या निबंधावर उभे आहे.

हेच प्रांटल पुढे ग्योटिंगेन विद्यापीठात घाटगे यांचे गुरू झाले. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करून घाटगे 1936च्या सुमारास परतले. गडहिंग्लजकडच्या मुलाने तिकडे जाऊन जे शिकून घेतले, ते लिलिएंथाल यांच्या मृत्यूमागचे कारणच होते.

राइट बंधूंकडे प्रांटलचे गणित नव्हते. पण त्यांच्याकडे लिलिएंथाल यांच्या मृत्यूची बातमी होती आणि तिचा त्यांनी कमालीच्या गांभीर्याने विचार केला. 1900, 1901 आणि 1902 अशी तीन वर्षे त्यांनी किटी हॉकच्या वाळूत ग्लायडर उडवले. आधी ताबा मिळवायचा, इंजिन नंतर, हा त्यांचा क्रम. नाक वर-खाली करणारा आडवा पंख त्यांनी शेपटीऐवजी पुढे लावला. त्याचा फायदा असा झाला की स्टॉल आला तरी ग्लायडर नाकावर न कोसळता बऱ्यापैकी सपाट राहून खाली बसे. पण वळताना नवाच प्रकार घडू लागला. एक पंख खाली जाई, तो उचलायला जावे तर तो आणखी मागे पडे आणि ग्लायडर त्याच बाजूला गिरकी घेत वाळूत रुते. या प्रकाराला ते दोघे ‘विहीर खणणे’ म्हणत. आज त्याचे नाव स्पिन. यावर उपाय म्हणून 1902च्या ग्लायडरला त्यांनी मागे हलणारे उभे सुकाणू जोडले आणि त्या शरद ऋतूत सुमारे हजार झेपा घेतल्या. डिसेंबर 1903मधले इंजिनाचे उड्डाण सगळ्या जगाला पाठ आहे. माझ्या मते खरा पराक्रम 1902चा. उंच-खाल, डावे-उजवे आणि गिरकी या तिन्हींवर माणसाचा ताबा तिथे आला, आणि तो वाळूत अनेकदा आपटल्यावर आला.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानबांधणीवर कडक बंधने घातली. ग्लायडरला आडकाठी नव्हती. मग ऱ्योन डोंगररांगेतल्या वासरकुप्पे टेकडीवर 1920पासून तरुणांची झुंबड उडाली. तिथे ‘त्सोग्लिंग’ हे शिकाऊ ग्लायडर आले आणि त्याच घडणीची ग्लायडर पुढे जगभर पसरली. एक लाकडी कणा, त्यावर पंख, पुढे फळीएवढी बैठक. बाजूला पत्रा नाही, काच नाही, दुसरी जागाही नाही. रबरी दोर दोन्ही बाजूंनी पोरांनी ओढत टेकडीखाली पळायचे, मागचा दोर सोडायचा, की ग्लायडर गोफणीतून सुटावे तसे निघे. शिकणारा पहिल्या झेपेपासून एकटा. गुरुजी जमिनीवरून ओरडून सूचना देणार. या पद्धतीने हजारो लोक शिकले, आणि हाडे मोडून घेणाऱ्यांची संख्याही लहान नव्हती. आधी नुसते घसरायचे, मग वीतभर उचलायचे, मग टेकडीवरून उतरायचे अशा पायऱ्या ठेवल्या होत्या. तरी पहिल्यांदा खरी उंची मिळाली की पोरगा गोंधळे, नाक वर करे, आणि पुढचे लिलिएंथाल यांच्यासारखेच घडे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र पालटले. ब्रिटनमध्ये स्लिंग्जबी कंपनीचे टी-21 आले. त्यात गुरू आणि शिष्य खांद्याला खांदा लावून बसत, दोघांच्याही हातात स्टिक असे. चूक दिसली की गुरू ती जागच्या जागी सावरे आणि शिष्याला ती पुन्हा करायला लावे. शिकाऊ ग्लायडरच्या इतिहासात ‘दुसरी खुर्ची’ या एका गोष्टीने जितके जीव वाचवले, तितके दुसऱ्या कोणत्याही सुधारणेने वाचवले नसतील असे मला वाटते.

भारतातही हाच धडा घेतला गेला. दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावर नागरी विमान वाहतूक खात्याचे तांत्रिक केंद्र होते. तिथे एस. रामामृतम यांनी पन्नाशी-साठीच्या दशकांत एकामागून एक भारतीय ग्लायडर आखले. अश्विनी, रोहिणी, कार्तिक, भरणी, अशी बहुतेक नक्षत्रमालेतली नावे. त्यांपैकी रोहिणी मे 1961मध्ये पहिल्यांदा उडाले. लाकडाचे, शेजारी-शेजारी दोन जागांचे. शंभराहून अधिक रोहिणी बनली, आणि एखाद्या भारतीय ग्लायडरची एवढी संख्या पुढेही कधी झाली नाही. देशभरच्या ग्लायडिंग क्लबांत आणि एनसीसीच्या हवाई शाखेत वैमानिकांची एक अख्खी पिढी त्यावर शिकली. पुढे एनसीसीसाठी आर्द्रा आले, त्यात बैठक एकामागे एक.

आपल्या महाराष्ट्रात हे सगळे पाहायचे ठिकाण म्हणजे पुण्याजवळ हडपसरचे ग्लायडिंग केंद्र. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे हे केंद्र. फुरसुंगीच्या बाजूला मोकळे रान, एका टोकाला विंच, म्हणजे मोठे रीळ फिरवणारे इंजिन, आणि दुसऱ्या टोकाला ग्लायडर. मधे जमिनीवर लांबलचक केबल. कोल्हापूरहून पुण्याला जाणाऱ्या कुणीही सवड काढून हे एकदा बघावे, कारण शिकाऊ विमानाच्या रचनेत अपघातांनी काय काय भर घातली हे तिथे हाताने चाचपून पाहता येते.

एक मदतनीस पंखाचे टोक धरून तो समतल ठेवतो. केबल पोटाखालच्या हुकात अडकवली जाते. विंचवाल्याला खूण जाते, सैल पडलेली केबल ताणली जाते आणि पुढच्या तीन-चार सेकंदांत ग्लायडर जमीन सोडते. मग नाक वर होते आणि जवळजवळ 45 अंशांत चढण सुरू. अर्ध्या मिनिटात ते तीनशे-चारशे मीटरवर असते. वैमानिक पिवळा गोळा ओढतो, हूक सुटतो, केबल छोट्या छत्रीला लटकून खाली येते आणि वर उरतो तो फक्त वाऱ्याचा आवाज.

आता त्या पोटाखालच्या हुकाकडे नीट बघा. त्याला उलट्या दिशेने ताण बसला की तो आपला आपण उघडतो. वैमानिक केबल सोडायला विसरला आणि ग्लायडर विंचच्या पुढे निघून गेले तर केबल त्याला मागून खाली खेचेल, म्हणून ही सोय. केबल आणि ग्लायडर यांच्यामध्ये धातूचा एक लहानसा दुवा असतो. तो तुटण्यासाठीच बनवलेला असतो. ओढ प्रमाणाबाहेर गेली तर पंख मोडण्याआधी तो मोडला पाहिजे. कॉकपिटच्या काचेवर समोर लोकरीचा एक धागा चिकटवलेला दिसेल. तो सरळ मागे वाहत असला तर ग्लायडर हवेत सरळ चालले आहे, एका बाजूला वळला तर तिरके. मंद गतीत तिरके चालणे हे स्पिनचे आमंत्रण. लाखो रुपयांच्या यंत्रातले हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात इमानदार उपकरण आहे. पंखाकडे नाकासमोरून पाहिले तर बुंध्यापासून टोकापर्यंत थोडा पीळ दिसतो. टोकाचा कोन मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणजे स्टॉल आला तर आधी बुंध्याकडची हवा सुटेल, ग्लायडर थरथरून सूचना देईल, आणि टोकाकडची एलेरॉन, म्हणजे ग्लायडर डावी-उजवीकडे कलवणाऱ्या झडपा, तोवर काम करत राहतील. पंखांवर उभ्या राहणाऱ्या फळ्या म्हणजे एअरब्रेक. नवशिक्या जास्त उंचीवर उतरायला आला तर नाक खुपसून वेग वाढवण्याऐवजी त्याने फळ्या उघडाव्यात. यातली कुठलीच गोष्ट एखाद्याला टेबलावर बसून सुचलेली नाही.

केबल तुटते तो क्षण शिकणाऱ्याची परीक्षा घेणारा. नाक 45 अंशांत वर, वेग झपाट्याने उतरतो आहे, आणि हात मात्र स्टिक मागे ओढून बसलेला. त्याने ताबडतोब नाक खाली केले पाहिजे, वेग परत येऊ दिला पाहिजे आणि मगच सरळ उतरायचे की वळायचे ते ठरवले पाहिजे. घाईने वळला तर स्पिन, आणि एवढ्या कमी उंचीवर स्पिनमधून कुणी सावरत नाही. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने स्वतःकडच्या कित्येक वर्षांच्या विंच अपघातांची चिरफाड केली आणि 2005पासून सुरक्षित विंच उड्डाणाची मोहीम हाती घेतली. पंख समतल ठेवता येत नसेल तर टोक टेकण्याआधी केबल सोडा, वेग पुरेसा होईपर्यंत नाक सावकाश उचला, अशा मोजक्या सूचना. विंचवरचे जीवघेणे अपघात त्यानंतर ठळकपणे कमी झाले. ग्लायडर तेच, विंच तेच. बदलला तो फक्त शिकवण्याचा भर.

रचनाकारांपुढचा एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. शिकाऊ विमान किती सोशिक असावे? जर्मनीचे एएसके-21 हे 1979पासून जगभर वापरले जाणारे फायबरचे ग्लायडर इतके गुणी आहे की स्पिनमध्ये जायला सहसा तयारच होत नाही. त्यावर शिकलेला मुलगा पुढे एकट्याच्या तिखट ग्लायडरमध्ये बसतो आणि तिथे आयुष्यातला पहिला स्पिन त्याला एकट्याने भोगावा लागतो. म्हणून एएसके-21च्या शेपटीला वजने बांधून त्याला मुद्दाम बिघडवावे लागते, तेव्हा कुठे त्यात स्पिन शिकवता येतो. उलट पोलंडचे पुखाच हे दोन जागांचे ग्लायडर स्पिनमध्ये सहज जाते, शिकवायला उत्तम, आणि त्यातच गुरू-शिष्य दोघेही गेल्याचे अपघात ब्रिटनमध्ये एकाहून अधिक वेळा झाले आहेत. माझा कौल पुखाचच्या बाजूचा नाही, पण नुसत्या सोशिक विमानाच्या बाजूचाही नाही. विमान सोशिक असावे आणि स्पिन मुद्दाम, भरपूर उंचीवर, गुरूच्या शेजारी बसून शिकवला जावा. शिकवणीतून स्पिन काढून टाकला म्हणून आकाशातून तो जात नाही.

घाटगे यांच्या पिढीला हे प्रश्न ठाऊक होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने डिसेंबर 1940मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. महायुद्धाच्या त्या धामधुमीत कंपनीने स्वतःच्या आराखड्यावर बनवलेले पहिले विमान म्हणजे दहा जणांना वाहून नेणारे जी-1 नावाचे ग्लायडर, आणि त्याची आखणी घाटगे यांची. पुढे कारखाना मित्रराष्ट्रांच्या विमानांच्या दुरुस्तीत गुंतला आणि ग्लायडरचे काम तिथेच थांबले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1942 साली विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीतही घाटगे होते. ग्योटिंगेनची विद्या त्या वर्गांतून इकडच्या मुलांपर्यंत पोचली.

एचटी-2 ऑगस्ट 1951मध्ये आकाशात गेले. चालवत होते कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी. धातूचे, एकामागे एक दोन जागांचे, बंद कॉकपिटचे हे विमान हवाई दलात जुन्या टायगर मॉथ विमानांच्या जागी आले आणि तीन दशकांहून अधिक काळ टिकले. घानाच्या हवाई दलानेही ते घेतले. त्यामागून 1958मध्ये फ्लाइंग क्लबांसाठीचे पुष्पक आले आणि सप्टेंबर 1964मध्ये किरण हे शिकाऊ जेट. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या लाल-पांढऱ्या कसरती ज्या विमानांवर सुरू झाल्या ते हेच किरण. 1965 साली घाटगे यांना पद्मश्री मिळाली.

किरणची कहाणी पुढे एका दुःखद वळणावर पुन्हा येते. एचटी-2नंतर हवाई दलाने प्राथमिक शिक्षणासाठी एचपीटी-32 दीपक हे विमान घेतले. ते 1977मध्ये पहिल्यांदा उडाले, म्हणजे घाटगे यांच्या काळानंतरचे. इंधनाचा पुरवठा खंडित होऊन हवेतच त्याचे इंजिन बंद पडण्याचे प्रकार होऊ लागले, आणि इंजिन बंद पडले की ते तरंगत फार लांब जाऊ शकत नसे. 17 विमाने पडली, 19 वैमानिक गेले. 31 जुलै 2009 रोजी दोन प्रशिक्षकांचा बळी गेल्यावर ती सगळी जमिनीवर आणली गेली. 2013मध्ये स्वित्झर्लंडची पिलाटस विमाने येईपर्यंत नव्या कॅडेटांनी पहिले धडे घ्यायचे कशावर? किरणवर. पहिल्या इयत्तेच्या पोरांना थेट जेटवर बसवावे लागले. शिकाऊ विमानाचे इंजिन बंद पडल्यावर ते चांगले ग्लायडर व्हावे, ही अपेक्षा वासरकुप्पेच्या पोरांनाही माहीत होती. ती पुरी न होण्याची किंमत आपल्या तरुणांनी मोजली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे, म्हणजे पूर्वीच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचे, त्यानंतरचे एचटीटी-40 मे 2016मध्ये उडाले. स्पिनच्या चाचण्यांत त्याने त्रास दिला, शेपटीच्या रचनेत फेरफार करावे लागले आणि त्यात वर्षे गेली. त्या उशिरावर पुष्कळ टीका झाली. मी तरी या एका बाबतीत अभियंत्यांच्या बाजूने आहे. उशीर परवडतो, शिकणाऱ्याचा जीव जाणे परवडत नाही.

इंजिन बंद पडल्यावर काय करायचे हे ज्यांच्या अंगात मुरलेले असते, त्यांचे उदाहरण म्हणजे कॅप्टन रॉबर्ट पिअरसन. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाच्या बोइंग 767मधले इंधन 41,000 फुटांवर संपले. किलोग्रॅमऐवजी पौंडाने हिशेब झाल्याने जवळजवळ निम्मेच इंधन भरले गेले होते. विमानात 69 माणसे. पिअरसन मुरलेले ग्लायडर वैमानिक होते. गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर ते उंच आले, तेव्हा त्यांनी एवढे मोठे विमान ग्लायडरसारखे तिरके घसरवत उंची कमी केली आणि उतरवले. सगळे वाचले. याच्या अगदी उलट 1 जून 2009 रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या विमानात घडले. वेगमापक बर्फाने चोंदले, गोंधळात सहवैमानिकाने स्टिक मागे ओढून धरली आणि पूर्ण स्टॉलमध्ये गेलेले एअरबस साडेतीन मिनिटांत 38,000 फुटांवरून समुद्रात पडले. 228 माणसे गेली. लिलिएंथाल यांच्याकडे स्टॉलचे ज्ञान नव्हते. इथे शंभर वर्षांचे ज्ञान कॉकपिटमध्ये हजर होते, पण त्या क्षणी ते हाताशी आले नाही.

मुंबईनेही असे धडे पाहिले आहेत. 1 जानेवारी 1978च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान वांद्र्याच्या समुद्रात पडले, 213 जण गेले. कॅप्टनच्या समोरचे, विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडले होते आणि अंधारात त्यावरच विसंबून विमान चुकीच्या बाजूला कलंडवले गेले. त्याआधी 12 ऑक्टोबर 1976 रोजी इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान सांताक्रूझला परत येताना पेटून कोसळले. 95 मृत्यू. कारण इंजिनातल्या एका चकतीला गेलेला धातूच्या थकव्याचा तडा. चकती फुटली, तुकड्यांनी इंधनाच्या नळ्या कापल्या.

धातूचा थकवा हा विषय कोल्हापूरला समजावून सांगायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत तपासणीच्या टेबलाजवळ उभे राहिले की कळते. कास्टिंग साफ करून त्यावर लाल रंग मारतात, तो मुरू देतात, मग फडक्याने लख्ख पुसतात. डोळ्यांना तुकडा निर्दोष दिसतो. त्यावर पांढरी पूड फवारली की थोड्या वेळाने कुठेतरी केसासारखी लाल रेघ उमटते. तो तुकडा बाद. 12 जून 2010 रोजी ऑस्ट्रियात एका ब्लानिक एल-13 ग्लायडरचा पंख हवेत बुंध्यातून तुटला तेव्हा अशीच रेघ कारणीभूत होती, फक्त ती पाहायला तिथे कुणी पोचू शकत नव्हते. चेकोस्लोव्हाकियाचे हे 1956चे दोन जागांचे ग्लायडर. धातूचे, टणक, सोशिक. अडीच हजारांहून अधिक बनले, जगभरची मुले त्यावर शिकली. पंखाच्या मुख्य तुळईत, रिव्हेटच्या सांध्याखाली, वर्षानुवर्षांच्या विंच उड्डाणांनी, खडबडीत उतरण्यांनी आणि कसरतींनी तडा वाढत गेला होता. दोघे जण गेले. काही दिवसांतच युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने तातडीचा आदेश काढला आणि जगभरची एल-13 हँगरमध्ये बसली. वैमानिकांनी काहीही चूक केलेली नव्हती. प्रश्न होता तो प्रत्येक ग्लायडरने आयुष्यात नेमका किती आणि कसला ताण सोसला याचा, आणि त्याचा पक्का हिशेब बहुतेक क्लबांकडे नव्हता. शिकाऊ विमान सगळ्यात जास्त मार खाते; नोंदी मात्र बहुधा त्याच्याच सगळ्यात ढिल्या असतात.

आपल्याकडे अपघात झाला की चार दिवस बातम्या, मग ‘वैमानिकाची चूक’ एवढे म्हणून सामसूम. ऑक्टोबर 2023मध्ये बारामतीजवळ काही दिवसांच्या अंतराने शिकाऊ विमानांचे दोन अपघात झाले, तेव्हाही चर्चा तेवढ्यापुरतीच राहिली. वैमानिकाने ती चूक का केली, विमानाने त्याला सावध का केले नाही, शिकवताना काय राहून गेले, हे विचारायचे सोडून आपण जखम मांडीला आणि मलम शेंडीला लावतो. आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहे. अपघाताची तपासणी पुन्हा तसा अपघात होऊ नये एवढ्यासाठीच करायची, दोष कुणाच्या माथी मारण्यासाठी नाही. आपल्या देशातही 2012पासून त्यासाठी विमान अपघात तपास मंडळ आहे आणि त्याचे अहवाल कुणालाही वाचता येतात.

कोल्हापूरला विमानांचे वेड जुने आहे. छत्रपती राजाराम महाराजांनी उजळाईवाडीचा विमानतळ 1939 साली सुरू केला. मार्च 2024मध्ये तिथे नवी इमारत झाली. धावपट्टी लांबली, रात्रीची विमाने येऊ लागली. आजूबाजूला पाच-दहा किलोमीटरच्या आत फाउंड्री आहेत, मशीनशॉप आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. एवढे सगळे असताना इथल्या मुलाला घाटगे यांचे नाव माहीत नसावे हे मला लागते. बंगळूरला त्यांच्या नावाचे सभागृह आहे, एरोनॉटिकल सोसायटी त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

इथल्या महाविद्यालयांना माझी विनंती एवढीच आहे. 24 ऑक्टोबर हा घाटगे यांचा जन्मदिवस दिवाळीच्या आगेमागे येतो. दर वर्षी त्या आठवड्यात यांत्रिकीच्या वर्गात एक अपघात अहवाल घ्या, पहिल्या पानापासून शेवटच्या शिफारशीपर्यंत मोठ्याने वाचा आणि फाउंड्रीतल्या जाणत्या मिस्त्रीला त्या वर्गात बोलवा. पहिल्या वर्षी ब्लानिकचा घ्यावा. त्यातला तडा कोल्हापूरच्या माणसाला लगेच ओळखू येईल.